दुसऱ्याच्या टाचेचा खळगा

बुटात पाय घातला आणि अंगावर सर्रकन काटा आला. आत ओल होती. पावसाची ओल थंड असते. ही कोमट होती, कोणाच्या तरी पायाची. डावा पाय घालून झाला होता, उजवा अर्धा आत होता, आणि समोर नांदूरघाटची निम्मी माणसं हात जोडून उभी होती. अशा वेळी पुढाऱ्यानं काय करायचं असतं? हसायचं असतं. मी हसलो. उजवा पायही आत ढकलला. मोजे होते म्हणून, नाहीतर आत्याच्या तेराव्याच्या मांडवात, सगळ्यांदेखत, मी तिथंच ओकलो असतो. मोज्यातूनही ते कळत होतं. टाचेखाली एक खळगा होता, गुळगुळीत, वापरून वापरून झालेला, आणि तो माझ्या टाचेनं पाडलेला नव्हता.

मांडवाच्या तोंडाशी पायताणांचा ढीग पडला होता. तेरावं म्हटलं की कीर्तन आलं, कीर्तन म्हटलं की सतरंजी आली, आणि सतरंजी आली की पायातलं बाहेर. मला या ढिगाची लहानपणापासून शिसारी आहे. एकाची चप्पल दुसऱ्याच्या चपलेवर चढलेली, कोणाच्या तळाला शेण, कोणाच्या अंगठ्याखाली घामाचा काळा चकचकीत डाग, आणि वर माशा. लोक त्यात अनवाणी पाय खुपसून आपलं पायताण हुडकतात आणि त्याच पायानं घरात जातात. आमच्या जिल्ह्यात पुढारी ओळखायचा तर वर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि खाली पांढरे बूट. कुठून आलं हे फॅड कोण जाणे, पण सभापतीपासून सभापतीच्या गाडीचं दार उघडणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या पायात तेच, आणि सगळे बीडला एकाच दुकानातून घेतात. त्या ढिगातही पांढरे जोड काही कमी नव्हते. माझे मी मुद्दाम कडेला, खांबाशी, एकमेकांना चिकटून ठेवले होते. परत आलो तर खांबाशी एक जोड होता. पांढरा, माझ्याच मापाचा. मी पाय घातला. यात माझं काय चुकलं?

मांडवापासून गाडीपर्यंत रस्ता लांब नव्हता, पण लोक वाकत होते. "भाऊ, दर्शन घेऊ द्या." घ्या बाबा. लोकांना वाटतं, पुढाऱ्याला पाया पडून घ्यायला आवडतं. आवडत असेल कोणाला. मला तर प्रत्येक हात कळतो. तंबाखू मळलेला, नुकतंच पत्रावळीवरचं वरण कालवलेला, नाक पुसलेला. तो हात माझ्या बुटाला लागतो, मग त्यांच्या कपाळाला लागतो. म्हणजे माझ्या बुटाची घाण त्यांच्या कपाळावर आणि त्यांच्या हाताची माझ्या बुटावर, आणि याला म्हणायचं आदर. मी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होतो, "असू द्या, असू द्या" म्हणत होतो, आणि बोटं आखडून घेत होतो. आणि आता तर ते ज्याच्या पाया पडत होते त्याच्या पायात भलत्याचेच बूट होते. च्यायला, हसूच येत होतं.

बंकट माझा ड्रायव्हर. फार जुना माणूस. गाव सुटलं की तो न सांगता गाडी बाजूला घेतो, सीटखालची पाण्याची बाटली काढतो आणि माझ्या हातावर ओततो. दुसऱ्या हातात साबण तयारच असतो. ती बाटली हात धुवायची. तिच्यातलं पाणी कोणी पीत नाही. त्या दिवशी मी हात धुतले, आणि मग पाय गाडीबाहेर काढून बूट असे उडवले की एक जाऊन बाभळीच्या बुडाशी पडला.

"बंकट, हे बूट माजे न्हाईत."

त्यानं दोन्ही गोळा करून आणले. उलटे केले, सुलटे केले. "तेच दिसतेत की, भाऊ."

"नाडी बघ. माज्या डाव्या नाडीचं टोक तुटलंय, मी गाठ मारलीय. हिला हाय का गाठ?"

गाठ नव्हती. मग त्या बहाद्दरानं सरळ आत हात घातला. मला बघवेना. लोकांना किळस येत नाही म्हणजे त्यांना नाक नाही, का कातडी नाही, का दोन्ही नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यानं आतला सोल उपसून काढला आणि भाकरी धरावी तसा दोन बोटांत धरला. "ह्याच्यात बी सोल हाय, भाऊ! आपल्यासारखाच. पर आपले निळे होते. ह्यो मातकट हाय." मी म्हणालो, तो मुळात मातकट नसणार बाबा, पायानं झालाय. आणि तोंड फिरवलं.

माझे निळे होते. माझी टाच दीड-दोन वर्षांपासून गेलेली आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिल्यासारखी कळ उठते, पोटरीतून वर गुडघ्यापर्यंत जाते, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी तळव्याखाली निखारा. संभाजीनगरच्या डॉक्टरानं सांगितलं, तुमचा पाय सपाट आहे, तळव्याला कमान नाही, सगळा भार टाचेवर येतो. त्यानं मला ओलसर वाळूसारख्या फोमच्या पेटीत पाय दाबायला लावला, आणि त्या ठशावरून इनसोल करून आणले. बुटात घालायचे, कमानीखाली उंचवटा, टाचेखाली मऊ वाटी. किती दिवस वाट बघायला लावली, पण घातले आणि पहिल्यांदाच मी बीडच्या बंगल्याचा जिना कठडा न धरता उतरलो. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, बंकटला आणि माझ्या बायकोला, सत्यशीलाला. कारण आमच्याकडं उमेदवार कर्जबाजारी चालतो, खटल्यातला चालतो, लंगडा चालत नाही. एकदा का लोक "भाऊ थकले" म्हणायला लागले की संपलं. आणि दुसऱ्याच दिवसापासून जिल्हा परिषदेच्या नेकनूर गटात माझी पायी प्रचारफेरी सुरू होणार होती, वस्तीवस्तीतून, दारोदार. समोर उमेदवार होता सुरज, माझा पुतण्या. म्हणजे नाव सुरजचं, लढणारा त्याचा बाप. माझा थोरला भाऊ विजयसिंह, आमचा दादा. नवे सोल करून घ्यायचे तर पुन्हा संभाजीनगर, पुन्हा ती पेटी, पुन्हा वाट बघणं. तोवर मतदान होऊन गुलाल धुवून झाला असता. ते निळे सोल मिळाले नाहीत तर मी चालू शकणार नव्हतो, आणि चाललो नाही तर निवडणूक गेलीच.

बंकटनं सोल सीटवर ठेवला होता, वर्तमानपत्रावर. मी नाही नाही म्हणत बघितलं. टाचेचा खळगा खोल, काळपट. बोटांचे पाच डाग. दुसऱ्या बोटाचा अंगठ्याच्याही पुढं गेलेला. घामाचा आणि कसल्यातरी पावडरीचा आंबूस वास. कमानीच्या जागी खालून काहीतरी शिवलेलं होतं, जाड, हातानं घातलेल्या टाक्यांचं. आणि तेव्हा मला एक गोष्ट सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं. मांडवापासून गाडीपर्यंत मी चालत आलो होतो, वाकणाऱ्या लोकांसाठी थांबत थांबत. आणि टाच दुखली नव्हती. जरासुद्धा नाही.

मी तो सोल उलटा केला. स्वतःच्या हातानं केला, रुमाल लावून. खाली धोतराच्या कापडाची चौपदरी घडी होती, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली. मग बूट कोणाचे आहेत हे बंकटलाही सांगायची गरज उरली नाही. आमचे वडील आयुष्यभर असे चालले. त्यांच्या जोड्यात आई जुन्या धोतराची घडी शिवून घालायची, नेमकी तळव्याच्या मधे. आमच्या घराण्याचा पायच तसा. ओल्या पायानं फरशीवरून चाललं तर लोकांच्या पावलाला कमान उमटते, आमचं पाऊल उमटतं उलथन्यासारखं, सगळं एकसलग. जिच्या तेराव्याला गेलो होतो त्या चतुराबाई आत्याचं म्हणे लग्नात हसं झालं होतं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून ती सासरच्या घरात शिरली आणि तिची पावलं बघून सासू म्हणाली, लक्ष्मी आली का म्हैस आली? आत्या हे सांगून स्वतःच हसायची. तिचे पाय म्हातारपणी सुजून कसे दिसायचे ते मला आठवतं आणि नको होतं. वडील, आत्या, दादा, मी. एकाच साच्यातून काढलेली चार उलथनी. त्यातली दोन गेली. उरलेली दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

दादा कीर्तन संपायच्या आधीच उठून गेला होता. त्याची ती सवयच. मी मांडवाच्या या टोकाला, तो त्या टोकाला, मधे आत्याचा हार घातलेला फोटो. कीर्तनकार बंधुप्रेमावर बोलायला लागला तसा दादा उठला. जाताना खांबाशी पाय घातले असणार, न बघता, आणि ते माझे. म्हणजे आता माझे निळे सोल दादाच्या पायाखाली होते. माझ्या ठशात त्याचा पाय. या विचारानं मला जी मळमळ सुटली ती बीडपर्यंत गेली नाही. मी काच खाली केली, वर केली. बंकट म्हणाला, "भाऊ, म्या जाऊन घिऊन येतो की दादासायबांच्या घरून. द्यायचे आन घ्यायचे." मी त्याच्यावर खेकसलो.

दुसऱ्याच्या खळग्यात पाय घालणं मला नवीन नाही, तेच तर दुखणं आहे. वडिलांची जमीन एवढी की नजर पोचायची नाही, पण बूट दरवर्षी एकच जोड यायचा. तो दादाला. दादाचे जुने मला. कॅनव्हासचे, पांढरे, खडूची पूड लावून शुभ्र केलेले. वरून शुभ्र, आत दादाच्या पाच बोटांचे पाच काळे खळगे, दुसऱ्या बोटाचा पुढं गेलेला. शाळा सुरू झाली की मी ते घालायचो आणि रडायचो. माझी बोटं त्या खळग्यांत जाऊन बसायची, नको म्हटलं तरी, जणू त्यांची जागा आधीच ठरलेली. आई म्हणायची, "आरं, भावाचंच हाय ना? परक्याचं हाय का?" वडील म्हणायचे, "सोवळ्या हाय ह्यो. बामणाघरी जल्मायचा." आणि दादा हसायचा, आणि पोरांना सांगायचा, आमचा अर्जुन दुसऱ्याच्या तांब्यानं पाणी पीत न्हाई. एका वर्षी मात्र त्यानंच ते बूट विहिरीवर नेले, साबण लावून विटकरीनं आतून घासले, दोन दिवस कडब्याच्या गंजीवर वाळवले आणि माझ्यापुढं आणून टाकले. "घे. आता कशाला रडतो रं?" मी घातले. खळगे तसेच होते. धुतल्यानं डाग जातो, खळगा जात नाही. मी रडलो, तेव्हा त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. बरोबर केलं त्यानं. मला हे आठवायचं नव्हतं, पण तो सोल माझ्या शेजारी पडला होता आणि माझी बोटं मोज्यात आखडून बसली होती.

आमचं बोलणं बंद का झालं ते सगळ्या गटाला पाठ आहे. मागच्या वेळी मी उभा होतो तेव्हा दादा समोरच्या पक्षात गेला, ते मी गिळलं. राजकारण आहे. पण नेकनूरच्या भर सभेत, माइकवर, त्यानं सांगितलं, "आमचा धाकला तुमच्या पाठीवर हात ठिवतो, हाय ना? मग गाडीत बसून तोच हात साबणानं धुतो. इचारा त्याच्या ड्रायव्हरला." लोक हसले. आधी हसले, मग गप्प झाले. ऊसतोडीला जाणारी माणसं होती ती, टोळ्यांतली, हातांना चिरा पडलेली. दुसऱ्या दिवसापासून मी हात पुढं केला की लोक आपले हात धोतराला पुसून मग द्यायला लागले. कोणी टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ते हात पुसणं मला आजही झोपेत दिसतं. मी पडलो. खोटं बोलला असता दादा, तर मी खटला घातला असता. तो खरं बोलला, आणि ते त्याला ठाऊक होतं कारण तो माझा भाऊ आहे. दुसऱ्या कोणाला हे कुठून कळणार होतं? घरातलं माणूस म्हणजे काय, तर ज्याला तुमची किळस कुठं राहते ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. सत्यशीला आरशासमोर केस विंचरत होती. म्हणाली, "करा की एक फोन. तुमचे त्यांच्याकडं, त्यांचे तुमच्याकडं. त्यात एवढं काय?"

"फोन केला की त्याला कळेल माझी टाच गेलीय."

"अन् त्यांची गेलीय ते तुम्हाला कळलंच की. झाली ना फिट्टंफाट?"

"तू मधे बोलू नको."

"मी बोलत नाही. ते बूट तेवढे बाल्कनीत ठेवलेत ते उचला. माझ्या तुळशीला वास मारतोय." बाई नाक मुरडून आत गेली. मी फोन टेबलावर पालथा ठेवला, मग सुलटा केला. त्याचाही फोन आला नव्हता. त्यानंही काल रात्री बूट काढले असतील, निळा सोल बघितला असेल, आणि धाकट्याचा पाय गेल्याचं कळून हसला असेल. कदाचित पुढच्या सभेत माइकवर सांगेल. सांगू दे. मी पण सांगीन. दोन म्हातारे भाऊ माइकवर एकमेकांच्या टाचा काढतायत, या चित्राची मला इतकी घाण वाटली की चहा गिळवेना.

मी जुने बूट काढले, बिनसोलाचे, दोन जोड मोजे चढवले आणि फेरीला निघालो. नेकनूरच्या अलीकडच्या वस्तीवर उतरलो. पहिली काही घरं दात आवळून केली. मग टाचेतली कळ पोटरीत चढली, पाय आपोआप वाकडा पडायला लागला, आणि एका दारासमोर मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. म्हाळू म्हणून एक जण आमच्या बरोबर होता, टोळीचा मुकादम, यंदा कारखान्यावरून लवकर परतलेला. त्यानं पाहिलं.

"भाऊ, पायाला काय झालंय?"

"काय न्हाई. खडा गेलता बुटात."

"बसा वाईच. लई चाललाव तुमी." आणि त्यानं आपला टॉवेल झटकून ओट्यावर अंथरला. मी त्या टॉवेलवर बसलो. त्याला घामाचा आणि उसाच्या पाचटाचा वास येत होता, आणि उठायची सोय नव्हती. आत चुलीजवळ एक बाई दुसरीला म्हणाली, तिला वाटलं मला ऐकू जाणार नाही, "थकले बया हे बी. पोरगंच बरं हाय." पोरगं म्हणजे सुरज. मी ऐकलं. म्हाळूनंही ऐकलं, आणि तो माझ्याकडं न बघता तंबाखू मळायला लागला. फेरी तिथंच मोडली. भाऊंना बीडला महत्त्वाची मीटिंग आहे, असं बंकटनं सगळ्यांना सांगितलं.

घरी आलो आणि बादलीत कढत पाणी घेतलं. कपड्यांचा साबण, वर डेटॉल. भांडी घासायची तारेची घासणी घेतली, ती नंतर टाकून दिली. दादाचे दोन्ही सोल बादलीत टाकले तसं पाणी चहासारखं झालं. फेकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चहा. नाकाला रुमाल बांधून, गच्चीवर, उकिडवं बसून, माझ्यासारखा माणूस दुसऱ्याच्या पायाचा मळ काढत होता. बोटांच्या टोकांना तो मळ मऊ लागत होता, शेवाळासारखा. दोनदा मला उमासे आले. शिवी दिली, दादाला, मग वडिलांना, ज्यांनी हा पाय दिला त्यांना. धोतराची ती घडी मी उसवणार होतो, उसवली नाही. टाके वाकडेतिकडे होते. बाईनं घातलेले नव्हते, वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. दादानंच घातले असणार, चष्मा लावून, दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करत. शी. सोल उन्हात ठेवले, उलटेसुलटे केले, पावडर मारली. वास गेला. डाग फिका झाला. खळगा होता तसाच होता.

सकाळी मी ते घातले. त्याच्याच बुटांत घातले, कारण ते सोल माझ्या जुन्या बुटांत बसेनात. पाय आत गेला, टाच खळग्यात उतरली, आणि दुसरं बोट पुढं सरकून आपल्या जागेवर जाऊन बसलं. घडी तळव्याला लागली. कोणीतरी खालून हात लावून धरल्यासारखं. माझ्या निळ्या सोलांनी कळ कमी होत होती, यांनी गेली. डॉक्टरानं माझ्याच पायाचा ठसा घेऊन केलेले ते, आणि हे दादानं स्वतःच्या पायासाठी ठोकून-शिवून केलेले, तरी हेच बरे बसले. मला राग आला. घाण वाटत होती आणि बरं वाटत होतं, दोन्ही एकाच टाचेत. मी दिवसभर चाललो. वस्त्या केल्या, तांडे केले, कालच्या त्या बाईच्या दारात मुद्दाम परत गेलो आणि तिच्या ओट्याच्या पायऱ्या कशाचाही आधार न घेता चढलो. लोक वाकत होते, बुटांना हात लावत होते, आणि मला दर वेळी वाटत होतं, अरे हा मान त्याचा आहे, त्याच्या बुटांना जातोय. संध्याकाळी बूट काढले तेव्हा आतली ओल माझी होती का त्याची, हे सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. धुतले नाहीत, वाळायला वेळ नव्हता.

नेकनूरच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही फेऱ्या एकाच वेळी बाजारात घुसल्या. ठरवून नाही, पण बाजार सोडून कोण जाणार? भाजीच्या रांगेत, कोथिंबिरीच्या पाल्यानं खाली चिखल झालेला, समोरून ढोलकी आणि सुरजच्या नावाच्या टोप्या, आणि मधे दादा. आमची ढोलकी थांबली, त्यांची थांबली. भाजीवाल्या बायांनी मोजता मोजता काटे धरून ठेवले. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय व्हायला हवं. पक्ष कुठलाही असो, समोर थोरला भाऊ आला की धाकट्यानं वाकायचं. नाही वाकलो असतो तर संध्याकाळपर्यंत गटभर झालं असतं. लोकांचे मोबाइल उंचावलेले दिसत होते. मी दादाच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्या चालीकडं बघत होतो. तो सरळ चालत आला. एवढ्या वर्षांत तो मला अंग टाकून, डावीकडं कलून चालताना दिसायचा, आणि मला वाटायचं, सत्तेचा माज आहे. माज नव्हता. टाच होती.

मी वाकलो. चिखलात उभे असलेले पांढरे बूट. डाव्या नाडीला गाठ. माझीच, मीच मारलेली. मी दोन्ही हात त्या बुटांवर ठेवले. माझ्या पाठीवर त्याचा हात पडला. जड, सवयीचा.

"धुतले आसशील तू," तो वरून म्हणाला. तोंडावर लोकांसाठी हसू होतं, आवाज फक्त माझ्यासाठी.

"आँ?"

"माजे सोल. धुतले आसशील."

"धुतले."

"ठाऊक हाय मला." पाठीवरचा हात उचलला नाही. "तुजे म्या न्हाई धुतले. तसंच घातले."

टाळ्या पडल्या. दोन भाऊ भेटले म्हणून कोणीतरी आरोळी दिली. मी उठायला लागलो तर त्यानं मला काखेत हात घालून उठवलं, लहानपणी विहिरीच्या काठावरून उठवायचा तसं, आणि जाता जाता म्हणाला, "बरे बसतेत. निकाल लागंपत्तोर ऱ्हाऊ दे." मग ढोलक्या सुरू झाल्या आणि तो त्याच्या बाजूला गेला, मी माझ्या. सरळ चालत. दोघंही.

गाव सुटलं. बंकटनं नेहमीसारखी गाडी बाजूला घेतली, सीटखालून बाटली काढली, झाकण उघडलं आणि साबण पुढं केला. मी हात बघितले. तळव्यांना चिखल होता, कोथिंबिरीचं एक पान चिकटलं होतं. मी किळस येण्याची वाट बघत बसलो, ती नेहमी येते तशी, घशाच्या मागून. बंकट बाटली धरून उभा होता. मी त्याच्या हातातून ती घेतली.

"भाऊ, ते हाताचं पाणी हाय," बंकट म्हणाला.

मी ती तोंडाला लावली आणि प्यालो. पाणी कोमट झालं होतं.